‘पॅकिडर्म’ : योग आणि रूढी

लोहमार्ग ओलांडणाऱ्या हत्तींच्या कळपाचे वृत्त इंग्रजी दैनिकात आले, तर त्याच्या पहिल्या वाक्यात बहुधा ‘एलिफंट’ हा शब्द असतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात त्याच हत्तीला ‘पॅकिडर्म’ म्हटलेले असते. भारतातून निघणाऱ्या इंग्रजी दैनिकांना तर या शब्दाचे विशेष प्रेम आहे. असे वृत्त मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादक कोशाकडे वळतो. ‘जाड’ अधिक ‘कातडी’ ही ग्रीक फोड त्याला तेथे मिळते आणि ‘स्थूलचर्मी प्राण्यांपैकी दोघांना इजा झाली’ अशा धर्तीचे वाक्य त्याच्या हातून उतरते. या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही, व्युत्पत्तीचाही नाही. तरीही ते वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हत्ती उभा राहत नाही. हा कोणता प्राणी असावा, एवढे कोडे मात्र उभे राहते. शब्दाचे अवयव बिनचूक उतरले आणि शब्द मात्र मागे राहिला, अशी ही अवस्था आहे. ती का ओढवते हे पाहावयाचे तर या पदाचा प्रवास आरंभापासून तपासला पाहिजे.

ग्रीक भाषेत ‘पाखुस्’ म्हणजे जाड आणि ‘देर्मा’ म्हणजे कातडी. हे दोन्ही अवयव संस्कृतज्ञाला वाटतात तितके परके नाहीत. ‘पाखुस्’ आणि संस्कृत ‘बहु’ ही दोन्ही रूपे एकाच मूळ शब्दापासून निघालेली आहेत. त्या मूळ शब्दात लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण होते. पैकी पहिल्याचा प्राणलोप दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केला, आणि म्हणून संस्कृतात ‘भ’चा ‘ब’ झाला, तर ग्रीकमध्ये ‘फ’चा ‘प’ झाला. ग्रासमानने 1863 मध्ये मांडलेल्या नियमाचे याहून सुबक उदाहरण वर्गात देता येणे कठीण. ‘देर्मा’चे मूळ सोलणे, फाडणे या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतातील ‘दॄ’ हा विदारणार्थक धातू आणि पाण्याची कातडी पिशवी या अर्थाचा ‘दृति’ हा शब्द त्याच कुळातले. मराठी ‘कातडी’देखील ‘कृत्ति’ या शब्दातून, म्हणजे शेवटी कापण्याच्या क्रियेतूनच आलेली आहे. जिवंत प्राण्याच्या अंगावरील आवरणाला सोलून काढलेल्या वस्तूचे नाव देण्याची ही रीत दोन्हीकडे आढळते.

‘पाखुदेर्मोस्’ हे सामासिक विशेषण ग्रीकांनी प्राण्यांच्या एखाद्या वर्गासाठी घडविलेले नव्हते. जाड कातडीचा कोणीही, असा त्याचा सरळ यौगिक अर्थ होता, आणि त्याच्या जोडीला एक लाक्षणिक अर्थ होता : मंदबुद्धी, असंस्कृत, ज्याला काही लागत नाही असा माणूस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ल्यूशन या उपरोधकाराने ‘टायमन’ या संवादात संपत्तीच्या देवाच्या तोंडी हे विशेषण घातले आहे. अकस्मात घबाड हाती लागलेल्या गावंढळ माणसासाठी तो देव ते योजतो. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण आज सर्वसाधारण समज असा की ‘पॅकिडर्म’ हे आधी प्राण्याचे नाव आणि मग त्यावरून माणसाला दिलेले दूषण. इतिहासक्रम याच्या उलट आहे. दूषण जुने; प्राण्यांचा गण त्यानंतर सोळाशे वर्षांनी आला.

तो गण आला फ्रान्समध्ये. त्यापूर्वी मोठ्या खुरी प्राण्यांची वर्गवारी किती डळमळीत होती, हे लिनीअसच्या ग्रंथावरून कळते. त्याच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीत हत्ती हा स्लॉथ, मुंगीखाऊ आणि खवले मांजर यांच्या पंक्तीला बसला होता, आणि गेंडा चक्क उंदीर, ससा व खार यांच्या गणात होता. अठराव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत जॉर्ज क्यूव्हिए याने शरीररचनेच्या तौलनिक अभ्यासावरून सस्तन प्राण्यांची नवी मांडणी आरंभिली आणि तीत ‘पाशिदेर्म’ हा गण दाखल केला. 1817 च्या ‘प्राणिसृष्टी’विषयक त्याच्या ग्रंथात या गणाची तीन कुळे दिसतात. पहिल्यात सोंडवाले, म्हणजे हत्ती आणि नष्ट झालेला मॅस्टोडॉन. दुसऱ्यात पाणघोडा, डुक्कर, गेंडा, टॅपिर आणि सशाएवढा हायरॅक्स. तिसऱ्यात एकखुरी, म्हणजे घोडा आणि त्याचे सगोत्र.

ही यादी वाचताना कोणीही थबकेल. घोड्याची कातडी जाड म्हणून कोणी ओळखली आहे? आणि हायरॅक्स तर मऊ केसांचा, कड्याकपारीत राहणारा लहानसा प्राणी! मग ही मंडळी जाड कातडीच्या गणात शिरली कशी? उत्तर असे की, क्यूव्हिएने गणाचे नाव कातडीवरून ठेवले. परंतु गणाचे लक्षण कातडीवरून बांधले नाही. खूर असलेले पण रवंथ न करणारे प्राणी, हे त्याचे खरे लक्षण होते. गाय, हरिण, उंट हे रवंथ करणारे प्राणी वेगळ्या गणात गेले, आणि खुरी प्राण्यांपैकी जे उरले त्यांना एकत्र नाव हवे होते. त्यांतल्या सर्वांत डोळ्यांत भरणाऱ्या तीन प्राण्यांचा जो धर्म चटकन नजरेस येतो तो नावासाठी उचलला गेला.

आपल्याकडील शास्त्रकारांना ही परिस्थिती अगदी ओळखीची वाटली असती. शब्द ज्या निमित्ताने घडतो ते व्युत्पत्तिनिमित्त, आणि शब्द ज्या निमित्ताने वस्तूला लागू होतो ते प्रवृत्तिनिमित्त, असा भेद त्यांनी केला आहे. जाते ती ‘गो’, ही व्युत्पत्ती खरी मानली, तरी गोठ्यात बसलेल्या गाईलाही आपण गायच म्हणतो आणि चालत्या माणसाला गाय म्हणत नाही. कारण शब्दाच्या प्रवृत्तीचे निमित्त गमन नसून गोत्व आहे. क्यूव्हिएच्या पदात जाड कातडी हे व्युत्पत्तिनिमित्त, आणि खुरीपणासह रवंथाचा अभाव हे प्रवृत्तिनिमित्त. घोडा त्या गणात बसतो तो दुसऱ्या निमित्ताने. जो केवळ पहिले निमित्त हाती धरतो, त्याला ती यादी अडाणीपणाची वाटणार. प्रत्यक्षात तीत त्या काळच्या उत्तम शरीरशास्त्राचा आधार होता. हायरॅक्सचे दात व हाडे तपासून हा कुरतडणारा प्राणी नव्हे, याचे नाते खुरी प्राण्यांशी आहे, हे ओळखणारा क्यूव्हिएच होता.

यास्काच्या निरुक्तात गार्ग्याच्या बाजूने जो आक्षेप मांडलेला आहे, तो या संदर्भात नव्याने वाचावासा वाटतो. सर्व नामे जर क्रियांवरून निघाली असतील, तर ती क्रिया करणाऱ्या प्रत्येकाला ते नाम मिळावयास हवे. वाट व्यापणारा प्रत्येक जण ‘अश्व’ ठरावयास हवा. शिवाय एका वस्तूच्या अंगी जितक्या क्रिया तितकी तिची नावे व्हावयास हवीत. यास्काचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. लोकांत असेच दिसते की, समान कर्म करणाऱ्यांपैकी काहींनाच ते नाम मिळते, काहींना मिळत नाही. लाकूड तासणारे पुष्कळ असतात, पण ‘तक्षा’ सुताराला म्हणतात. भटकणारे पुष्कळ, पण ‘परिव्राजक’ संन्याशालाच. वॉलरसची कातडी कमी जाड नसते. तो मात्र कोणाच्याही मते पॅकिडर्म नव्हता.

शास्त्रातील या गणाचे आयुष्य थोडे ठरले. सोंडवाल्यांचा स्वतंत्र गण इलिगरने 1811 मध्येच मांडला होता. पायाच्या बोटांची संख्या सम की विषम, हा निकष ब्लँव्हील याने 1816 मध्ये सुचविला आणि रिचर्ड ओवेनने 1848 मध्ये त्यावर समखुरी व विषमखुरी असे दोन गण उभे केले. गेंडा, टॅपिर व घोडा विषमखुरींत गेले. पाणघोडा आणि डुक्कर गाईगुरांच्या सोबत समखुरींत. रवंथ ही जी क्यूव्हिएची मुख्य भिंत, तीच मोडली. पुढे 1990 नंतर रेणुजीवशास्त्राच्या साधनांनी हे चित्र आणखी पालटले. हत्तीचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त म्हणजे समुद्रगाय आणि तोच चिमुकला हायरॅक्स. पाणघोड्याचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे देवमासे. गेंड्याचे आप्त टॅपिर आणि घोडा. हत्ती, गेंडा आणि पाणघोडा या तिघांना ‘पॅकिडर्म’ म्हणताना लोक ज्या जवळिकीची कल्पना करतात ती त्यांच्यात नाही. उलट ज्या दोन प्राण्यांचा त्या यादीतील समावेश आज हास्यास्पद वाटतो, त्या घोडा आणि हायरॅक्स यांच्याच बाबतीत क्यूव्हिएचा अंदाज अंशतः खरा ठरला : एकाची गेंड्याशी सोयरीक, दुसऱ्याची हत्तीशी.

गणाच्या नावातील धर्म गणातील व्यक्तींच्या अंगी नसावा, हा प्रकार फ्रेंचांपुरता नाही. धर्मशास्त्रात ‘पंचनख’ हा प्राण्यांचा एक वर्ग आहे. त्यांतील कोणते भक्ष्य याची यादी मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात येते, आणि तीत साळिंदर, घोरपड, कासव, ससा यांच्याबरोबर खड्ग, म्हणजे गेंडाही सांगितलेला आहे. गेंड्याच्या प्रत्येक पायाला बोटे तीनच असतात. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी पंचनखांचेच उदाहरण घेतले. परंतु नखे मोजण्याचा प्रश्न त्याने काढला नाही, आणि काढण्याचे कारणही नव्हते. तेथे वर्गाची मर्यादा विधीने ठरते, अवयवार्थाने नव्हे.

शास्त्राने टाकून दिलेले पद लोकभाषेने मात्र उचलले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत आलेला ‘पॅकिडर्म’ हा शब्द प्रथम क्यूव्हिएच्या गणातील कोणत्याही प्राण्याला लागत असे. गण मोडल्यावर शब्दाचा शास्त्रीय आधार सुटला आणि तो हळूहळू आक्रसत गेला. डुक्कर गळाले, घोडा गळाला, टॅपिर विस्मृतीत गेला. उरले हत्ती, गेंडा आणि पाणघोडा. वृत्तपत्री इंग्रजीत तर निरुपपद ‘पॅकिडर्म’ म्हणजे हत्तीच. यौगिक पद एकाच व्यक्तीवर स्थिरावते तेव्हा त्याला आपले वैयाकरण योगरूढ म्हणतात; ‘पंकज’ हे त्याचे ठराविक उदाहरण. चिखलात शेवाळही जन्मते आणि बेडूकही. तथापि पंकज म्हणजे कमळ. योगापेक्षा रूढी बलवत्तर, हा मीमांसकांचा न्याय याच जातीच्या अडचणीतून निघाला. श्रुतीतील ‘रथकार’ म्हणजे रथ करणारा कोणीही की त्या नावाची विशिष्ट जात, या वादात त्यांनी जातीच्या बाजूने निर्णय दिला.

या दृष्टीने स्वतः ‘हस्तिन्’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. हात ज्याला आहे तो हस्ती, एवढाच योग घेतला तर शब्द आधी माणसाला लागावयास हवा. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे : ‘हस्त’ शब्दाला हा विशिष्ट प्रत्यय लागावयाचा तो जाती विवक्षित असेल तरच. म्हणून हत्ती तो ‘हस्तिन्’, आणि हात असलेला पुरुष तो ‘हस्तवान्’. दोहोंचा अवयवार्थ एकच, पण प्रत्यय निराळा. युरोपीय निसर्गशास्त्रज्ञांना जी अडचण नाव दिल्यानंतर कळली, ती पाणिनीने प्रत्ययाच्या पातळीवरच मिटविलेली दिसते. मराठी ‘हत्ती’मध्ये तर योगाची आठवणही उरलेली नाही. ‘हात’ आणि ‘हत्ती’ हे एका मूळचे शब्द आहेत हे बहुतेक मराठी भाषकांना सांगावे लागते.

संस्कृत आणि मराठीने या तीन प्राण्यांना नावे देताना कातडीचा आधार जवळजवळ घेतलेलाच नाही, ही गोष्टही लक्षणीय आहे. हत्ती हातावरून, दातांवरून, सोंडेने व मुखाने असे दोनदा पिण्यावरून ओळखला गेला. हस्ती, दंती, द्विप ही नावे त्याची साक्ष देतात. गेंड्याला अमरकोशात गण्डक, खड्ग, खड्गिन् ही नावे आहेत, आणि त्यांतली दोन त्याच्या शिंगाला तलवार कल्पून झालेली आहेत. पाणघोडा हा तर या भूमीचा प्राणीच नव्हे. त्याचे मराठी नाव ग्रीक ‘नदीतला घोडा’ या नावाची छाया आहे. पण ती छाया आहे असे कोणाला वाटत नाही. पाणकोंबडी, पाणमांजर, पाणसाप, पाणकावळा ही घडण मराठीत आधीच रुळलेली होती आणि नवा शब्द त्या रांगेत मुकाट्याने जाऊन उभा राहिला. परकी कल्पना आपल्या भाषेत रुजते ती अशा तयार साच्यात पडली म्हणजे. ‘स्थूलचर्मी’ला तसा साचा मिळालेला नाही.

नावात नसलेली कातडी मराठी वाक्प्रचारात मात्र ठळकपणे आहे, आणि ती हत्तीची नसून गेंड्याची आहे. टीका, विनवणी, उपहास यांपैकी कशाचाही परिणाम ज्याच्यावर होत नाही त्याची कातडी गेंड्याची, असे आपण म्हणतो. महाराष्ट्रात तर गेंडा राहत नाही; ऐतिहासिक काळातील त्याची वस्ती सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्र यांच्या खोऱ्यांत होती. मग ही प्रतिमा मराठीच्या ओळखीची कशी झाली? एक कारण संभवते. गेंड्याच्या कातड्याच्या ढाली मराठी सैनिकांच्या वापरात होत्या. जिवंत गेंडा न पाहिलेल्या माणसालाही त्याची कातडी म्हणजे तलवारीचा वार अडविणारी वस्तू, हे हाताच्या अनुभवाने ठाऊक होते. वाक्प्रचारात ‘गेंड्यासारखा माणूस’ न येता ‘गेंड्याची कातडी’ यावी, हे या तर्काशी जुळते.

युरोपच्या मनातील कवचधारी गेंडादेखील इकडूनच गेलेला आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून गलबतावर चढविण्यात आला आणि त्याच वर्षीच्या 20 मे रोजी लिस्बनला पोहोचला. ‘गंडा’ हे त्याचे देशी नावही त्याच्याबरोबर गेले आणि तेथील पत्रव्यवहारात नोंदले गेले. राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्तीने पळ काढला. आल्ब्रेख्त ड्यूररने त्या प्राण्याला न पाहता, एका वर्णनावरून व रेखाटनावरून, जे काष्ठचित्र केले, त्यात गेंड्याच्या कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या दाखविल्या आहेत. हे चित्र पुढील सुमारे अडीच शतके युरोपातील पुस्तकांतून पुनःपुन्हा छापले गेले. क्यूव्हिएच्या पिढीला जाड कातडी हा नाव देण्याजोगा धर्म वाटला, त्यामागे या चित्राने घडविलेली दृष्टी असणे अशक्य नाही.

लाक्षणिक अर्थाचा आधार असा की, जाड कातडीला स्पर्श कळत नाही. हा आधार मुळातच कच्चा आहे. हत्तीची कातडी काही भागी दोन-अडीच सेंटिमीटर जाड असते हे खरे; पण कानाच्या मागची कातडी अगदी पातळ असते, आणि अंगावर बसलेली माशी हत्तीला कळते. पाणघोड्याची कातडी एकूण जाड असली तरी तिचा बाहेरचा थर इतका पातळ असतो की उन्हात तिच्यातून पाणी झपाट्याने उडून जाते. म्हणून तर त्याला दिवस पाण्यात काढावा लागतो. हत्तींच्या सहवासात राहिलेल्या आपल्या गजशास्त्रकारांना ही गोष्ट चांगली माहीत होती. अंकुशाची जाणीव किती तीव्र, यावरून त्यांनी हत्तींच्या प्रती लावल्या. त्यांतला ‘गंभीरवेदी’ म्हणजे कातडी भेदली, रक्त वाहिले, मांसाला इजा झाली तरी ज्याला भान येत नाही तो. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयवर्णनात कालिदासाने हा शब्द उपमेसाठी वापरला आहे आणि मल्लिनाथाने टीकेत त्याचे लक्षण दिले आहे. असंवेदनशील हत्तीसाठी वेगळा शब्द करावा लागला याचाच अर्थ असा की सामान्य हत्ती संवेदनशील आहे हे गृहीत होते. शिवाय या शब्दात दोष कातडीवर ठेवलेला नाही, वेदनेच्या खोलीवर ठेवलेला आहे. माणसाच्या बधिरतेचे वर्णन करण्यास हा शब्द ‘पॅकिडर्म’पेक्षा पुष्कळ नेमका आहे. तो पंडितांच्या टीकांतच पडून राहिला, हे मराठीचे नुकसान होय.

लाक्षणिक अर्थाच्या छटाही भाषेभाषेत सारख्या नाहीत. इंग्रजीत जाड कातडी ही कधी कधी शिफारस असते; सार्वजनिक कार्यात पडणाऱ्याने ती कमवावी असा उपदेश केला जातो. जर्मनमध्येही ‘जाड कातडे असणे’ हा सहनशक्तीचा गौरव होऊ शकतो. फ्रेंचमध्ये माणसाला ‘पाशिदेर्म’ म्हटले तर रोख असतो त्याच्या अवजड, बोजड हालचालीवर. मराठीत गेंड्याची कातडी ही निंदाच. म्हणून इंग्रजीतील शिफारशीचे वाक्य या वाक्प्रचाराने उतरविले तर अर्थाचा अनर्थ होतो. तेथे ‘टीका पचविण्याची ताकद’ असे काहीसे म्हणावे लागते. उलट निंदेच्या जागी कोडगा, निगरगट्ट, निर्ढावलेला हे शब्द हाताशी आहेत, आणि त्यांत प्राण्याला ओढण्याचीही गरज नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. जर्मन भाषेने ‘डिकहॉयटर’ हा अवयवशः अनुवादच केला आणि तो तेथे हत्ती-गेंड्यांचे चालू नाव झाला. मग ‘स्थूलचर्मी’ने काय घोडे मारले आहे? फरक शब्दाच्या पोताचा आहे. ‘डिक’ आणि ‘हाउट’ हे जर्मन मुलाच्या बोलण्यातले शब्द आहेत. त्याला तोलाचा मराठी शब्द ‘स्थूलचर्मी’ नव्हे, ‘जाडकातड्या’ होय; आणि ‘जाडकातड्या’ हा शब्द उच्चारताक्षणी मराठी माणूस आपल्या शेजाऱ्याकडे पाहील, हत्तीकडे नव्हे. म्हणजे ज्या थरात अनुवाद जिवंत होऊ शकला असता तो थर शिवीने अगोदरच व्यापलेला आहे, आणि जो थर मोकळा आहे तेथे शब्द जगत नाही. तत्सम परिभाषेविषयी सरसकट तक्रार करण्याचे हे स्थळ नव्हे. ‘समखुरी’, ‘विषमखुरी’ हे शब्द पारिभाषिक असूनही चांगले चालतात. कारण तेथे नावाचा धर्म आणि गणाचे लक्षण बहुतांशी एकच आहे. ‘पॅकिडर्म’मध्ये ते कधीच एक नव्हते.

तेव्हा एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीत एकच प्रतिशब्द ठरवून टाकण्याचा हट्ट येथे सोडावा लागतो. प्राणिविज्ञानाच्या इतिहासात क्यूव्हिएचा गण म्हणून शब्द आला असेल तर ‘पॅकिडर्माटा’ हेच रूप ठेवून, हवा तर ‘स्थूलचर्मी गण’ हा अर्थ एकदा सांगावा. तो गण आता मानला जात नाही हे वाचकाला कळविणारी परकी खूण तेथे उपयोगाचीच आहे. वैद्यकात त्वचेच्या जाड होण्याला ‘पॅकिडर्मा’ म्हणतात. तेथे योग अजून जिवंत असल्यामुळे अवयवशः अनुवादाला बाध नाही. वृत्तपत्रातील दुसऱ्या वाक्यातला पॅकिडर्म हा मात्र पुनरुक्ती टाळण्यापुरता आलेला असतो. मराठीला त्या पुनरुक्तीचे इतके भय नाही. ‘हत्ती’ पुन्हा लिहिला तरी कोणी हसत नाही, किंवा सर्वनामाने काम भागते. आणि शब्द बदलावासाच वाटला तर मराठी बातमीदार ‘गजराज’ लिहितातच. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्ग जिल्ह्यात हत्ती उतरू लागल्यापासून सुळेवाल्या नरासाठी ‘टस्कर’ हा इंग्रजी शब्दही मराठी वार्तापत्रांत रुळला आहे. ‘गजराज’मध्ये आदर येतो आणि ‘टस्कर’मध्ये वनखात्याच्या बोलीचा वास येतो, हे खरे, पण दोन्ही ठिकाणी वाचकाला हत्तीच दिसतो.

एक प्रयोग मात्र या वाटणीत सहज बसत नाही. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघातील तज्ज्ञगटांचे ‘पॅकिडर्म’ या नावाचे एक नियतकालिक आहे. आफ्रिकी हत्ती, आफ्रिकी गेंडा आणि आशियाई गेंडा या तिघांचे अभ्यासक त्यात लिहितात. येथे शब्दाचा अर्थ पुन्हा रुंदावलेला आहे, पण क्यूव्हिएच्या दिशेने नव्हे. पाणघोडा त्यात मुख्य विषय नाही. डुक्कर व घोडा यांचा प्रश्नच नाही. हत्ती आणि गेंडा यांना एकत्र आणणारी गोष्ट येथे कातडी नाही, खूर नाहीत, नातेही नाही. एकाचा दात आणि दुसऱ्याचे शिंग यांसाठी त्यांची शिकार होते, ही ती गोष्ट आहे. प्रवृत्तिनिमित्त पुन्हा बदलले आणि शब्द तोच राहिला. या अर्थाने आलेला ‘पॅकिडर्म’ मराठीत ‘हत्ती व गेंडे’ असा सरळ दोन शब्दांत मांडणेच बरे. आशियाई हत्तीच्या तज्ज्ञगटाचे नियतकालिक वेगळे निघते. तेही इंग्रजीतच लिहिलेले असते. परंतु त्याचे नाव ‘गजः’ असे आहे, आणि त्याला प्रतिशब्द शोधण्याची पाळी मराठी अनुवादकावर येत नाही.